दामिनी टी स्टॉलचा बोर्ड

३ नोव्हेंबर, सोमवार

बाबा नाहीच म्हणाले! सकाळी ओट्यावर ऊन घेत बसले होते, तेव्हा विषय काढला. या वेळचं प्रदर्शन तुमचं — ‘गुलाब पेंटर : चाळीस वर्षांचं काम’. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून नेलं होतं. त्यांनी डाव्या हाताने कागद बाजूला सारला.

“दुकानाचे बोर्ड होत ते. कोन येईल पाहाले?”

दोन वर्षांपूर्वी लकवा मारला, तेव्हापासून उजवा हात मांडीवर पडून असतो. अर्जुनीपासून केशोरीपर्यंत निम्मी दुकानं त्या हातानं रंगवली. फ्लेक्स आले, काम गेलं, मग हातही गेला.

आई आतून ओरडली, “गोठा खाली कर पयले! धान ठेवाचा हाय.”

आमची गॅलरी म्हणजे बैलांचा जुना गोठा. बैल विकले, भिंतींना चुना मारला, गव्हाणी राहू दिल्या. तीन वर्षांत आठ प्रदर्शनं झाली. आमच्याकडच्या प्रतापगडला महादेवाच्या दर्शनाला जाणारे रस्त्यावरची पाटी पाहून वळतात. कोणी चित्रं पाहतं, कोणी नुसतं पाणी पिऊन जातं. आईच्या लेखी तो अजून गोठाच आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

शेजारच्या मनिरामभाऊंनी जुन्या सायकल दुकानाचा बोर्ड स्वतःहून ट्रॉलीत टाकून आणला! कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून होता. धुतला तर खालून सायकलवरचा माणूस निघाला, आमच्याकडे पाहून हसणारा.

बाबा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “लाव. तुले लावाचंच हाय तं लाव.”

मी नाचायचाच बाकी होतो. आई मात्र भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही.

६ नोव्हेंबर

कापणी सुरू. बोटं सुजली. लिहिणं नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

एकोणीस बोर्ड जमले. सलूनचा, पिठाच्या गिरणीचा, मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा एक — त्यातल्या नायिकेच्या डोळ्यांत पाणी आहे, खरंखुरं वाटावं असं. बायको, रंजिता, शाळेत शिकवून आली, तशीच बॅग खांद्यावर ठेवून सगळे पाहत फिरली. म्हणाली, “अक्षरं कोणीही पेंटर काढतो. चेहरे बघ ना! हे सगळे आत्ता काहीतरी बोलणार आहेत.”

बाबांना जाऊन तसंच सांगितलं. ते खूश होतील असं वाटलं होतं. नुसते “हं” म्हणाले.

संध्याकाळी फाट्यावर वच्छलाकाकीच्या चहाच्या दुकानात गेलो. तिचा बोर्ड राहिला होता. ‘दामिनी टी स्टॉल’, आणि बाजूला मुलीचा चेहरा. दामिनी तिची लेक. सात वर्षांची असताना तापानं गेली, पंचवीस वर्षं होतील. फोटो एकही नाही. तेव्हा कुठे होते घरोघर फोटो! मुलगी असताना हौसेनं काढून घेतलेला हा बोर्ड, तेवढाच तिचा चेहरा.

पंधरा दिवस प्रदर्शनाला मागितला, तेव्हा काकी उठून बोर्डाखाली येऊन उभी राहिली. मग म्हणाली, “पंध्रा दिवस ना? वापस आनून देशील ना, बाबू?”

“मी स्वतः आणून लावतो, काकी.”

तिनं आधी पदरानं तो चेहरा पुसला. मग खिळे काढू दिले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काय लिहू. माझ्या हातून काय झालं हे!

बोर्डावर चुलीच्या धुराचा थर होता. अक्षरांवर थिनरचा बोळा फिरवला — लख्ख! लाल रंग काल दिल्यासारखा. मग तसाच चेहऱ्यावर फिरवला. अक्षरं ऑइल पेंटची होती. चेहरा कुठल्यातरी दुसऱ्या, पातळ रंगाचा होता. कळेपर्यंत गाल बोळ्यावर आला. घाबरून पुसायला गेलो तर डोळेही गेले.

नागपूरला पाच वर्षं चित्रकला शिकलो. कोपऱ्यात आधी करून पाहायचं असतं, हे पहिल्या वर्षाला शिकवतात.

बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला. कोणाला सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर

रंजिताला सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “उद्या जा आणि सांगून टाक. तू नवीन काढून गुपचूप लावशील, हा विचार डोक्यात असेल तर काढ.”

होता डोक्यात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं.

दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, ती जाईपर्यंत बसून राहिलो. काकी पेले विसळत होती. ऐकताना हात थांबले नाहीत. सगळे पेले विसळून झाले, पालथे ठेवले, तेव्हा विचारलं, “एक डोळा तरी राह्यला का?”

“नाही, काकी.”

तिनं चहा ओतून माझ्यापुढे ठेवला. मी पेल्याला हात लावला नाही.

“पे. थंडा होऊन राहिला.” मग बोर्डाच्या रिकाम्या जागेकडे पाहत बोलली, “मले तिचं तोंड आठवत नाही रे आता. आवाज आठवते. चाल आठवते. तोंड त्या बोर्डावर पाहूनच आठवत होतं.”

मी पायांना हात लावायला वाकलो, तर तिनं मागं ढकललं. शिवी दिली असती तर! निघताना एवढंच म्हणाली, “तुह्या मायले सांगतलं का?”

“नाही.”

“मायले सांग.”

बरोबरच आहे. घरी सांगायला हवंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

घरी सांगितलं. जेवण चाललं होतं. बाबांच्या तोंडातला घास तसाच राहिला, डोळे भरून आले. त्यांनी आईकडे पाहिलं. आई ताट घेऊन उठली आणि धानाच्या बांधीत, शेतावर निघून गेली, भर उन्हात, चप्पलही न घालता. दुपारभर एकटीच पेंढ्या बांधत बसली.

इतकी चिडली आहे माझ्यावर.

१६ नोव्हेंबर, रविवार

काकीला समोर बसवून तीन स्केचेस काढली. “कपाळ मोठं होतं.” “नाक तं माह्यावानी.” “दात पडला होता इथचा.” मी पुसत गेलो, काढत गेलो. तिसरा कागद तिनं दोन्ही हातांत धरून नीट पाहिला.

“चांगली हाय. कोनाची तरी पोरगी हाय ही.”

आणि जपून घडी करून मला परत दिला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

बाबांनी आज डाव्या हातात ब्रश मागितला. सरळ रेघही येईना. ब्रश फेकला! लहानपणापासून पाहतोय, बाबांनी ब्रश कधी जमिनीवरसुद्धा ठेवला नाही.

म्हटलं, बाबा, राहू द्या. तुमच्या हातचं दुसऱ्या कोणाला कसं जमणार? गोष्टच संपली.

त्यावर ते माझ्याकडे असे पाहत राहिले की मीच तिथून उठलो. मागून दोघांचं बोलणं कानावर आलं.

“तू सांगते का मी सांगू?”

“तुमचं नाव लागलं हाय गावोगाव. राहू द्या तसंच.”

निमंत्रणावरून चाललं असावं. आईला हे प्रदर्शन पहिल्यापासून नको आहे. खरं तर आता मलाही नको. रंजिता म्हणते, रद्द कर किंवा कर, पण बोर्ड दिलेल्या लोकांना तोंड दाखव.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी आभाळ आलं. या दिवसांत! मळणी अर्धी झालेली, अंगणात धान उघडा. आई एका पोत्याचं तोंड धरून ओरडली, “गोठ्यात टाका सारा!” मी क्षणभर बोर्डांकडे पाहिलं. तिला ते दिसलं. “बोर्ड भिजले तं पुसता येते. धान भिजला तं कोंब फुटते त्याले!”

मनिरामभाऊ धावत आले, रंजिता शाळेच्या साडीत पोती ओढत होती, बाबा ओट्यावरून डाव्या हातानं ताडपत्री धरून उभे. तासाभरात गॅलरी अर्ध्या भिंतीपर्यंत भरली — सायकलवाला, सलूनवाला, नाटकातली बाई, सगळे पोत्यांवरून डोकावून पाहत होते. पाऊस शिंतडला आणि गेला.

दमून पोत्यांवर बसलो. आई दारात उभी राहून एकेक बोर्ड पाहत होती. सगळे. मी तिला या गोठ्यात असं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. भिंतीकडे तोंड केलेला बोर्ड तिनं सरळ केला. पुसलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

मला म्हणाली, “थिनर काऊन लावलं रे? घासलेटाचं बोट पुरलं असतं.”

रागावली तरी एवढंच रागावली.

२० नोव्हेंबर

आई सकाळच्या गाडीनं अर्जुनीला गेली. कशाला, सांगितलं नाही. आल्यावर पिशवी घेऊन सरळ आतल्या खोलीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी गोठ्यात गेलो. पोत्यांना टेकवून दामिनीचा बोर्ड ठेवलेला. समोर पाट घेऊन आई. हातात ब्रश. बाबा बाजूला, डाव्या तळहातावर रंगाचा डबा धरून. वच्छलाकाकी कोपऱ्यात, पदराचा बोळा तोंडावर दाबून. कपाळ झालं होतं. पडलेल्या दाताची फट झाली होती. डोळे झाले होते.

काकी म्हणाली, “आली.”



“अक्षरं माही होत,” बाबा म्हणाले. “चेहरे सारे हिचे. पयल्यापासून. बाईच्या हातचा बोर्ड कोनं लावला असता त्या टायमाले?”

“आई! कधीपासून?”

“तू पोटात होतास तवापासून.” तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. “सरक, उजेड आडवून राहिला. अन् तो पांढरा दे. डोळ्यात टाकाचा राह्यला.”