मळईची माती

बालाघाट
१४ मार्च १९७१

प्रिय चैतराम,

भिलाईचा तुझा पत्ता तुझ्या बहिणीकडून, अनुसयाकडून मिळाला. चार वर्षांनी लिहितो आहे, म्हणून आधी माझी खबर देतो. शेतकी कचेरीतली माती तपासायची खोली आता माझ्याकडे आहे. जिल्ह्यातून पिशव्यांतून माती येते. तिच्यात काय आहे आणि काय नाही, ते मी लिहून परत पाठवतो.

या जानेवारीत तुमच्या गावची माती आली, म्हणजे मीच जाऊन आणली. नदीकाठच्या मळईचं, त्या गाळाच्या जमिनीचं, पीक वर्षागणिक उतरत चाललं आहे, असा अर्ज गावानं केला होता. हरभरा वीतभर, वांग्याची पानं पिवळी. काठावरच्या अकरा वावरांतून माती घेतली, त्यात तुमचंही होतं. मग बसच्या टपावर सायकल टाकून चौदा मैल वर धरणावर गेलो. पाणी ओसरलेल्या जागी गाळ उघडा पडला होता, काळा, लोण्यासारखा मऊ. तोही पिशवीत भरला.

आपण शाळेत होतो तेव्हा दर भादव्यात नदी मळईवर चढायची. तीन-चार दिवस गढूळ पाणी उभं राहायचं आणि उतरताना बोटभर गाळाचा थर ठेवून जायचं. तुझे वडील, आमचे पुनारामकाका, त्या वावरात कधी शेणखत टाकत नसत. ‘नदी टाकते न,’ म्हणायचे. धरण झाल्यावर पाणी निवळ येऊ लागलं, तेव्हा घाटावरच्या बाया खूश झाल्या. मीही झालो. तो गढूळपणा हेच खत होतं, हे माती शिकलेल्या माझ्यासारख्याच्याही डोक्यात आलं नाही.

तपासणीत तेच निघालं. धरणाच्या गाळात स्फुरद भरपूर, कुजलेला पालापाचोळा भरपूर. तुमच्या मळईत दोन्ही जवळजवळ संपलेलं. नदी आजही जंगलातून तेवढंच घेऊन निघते, पण भिंतीशी पाणी थांबतं, बारीक माती तळाला बसते आणि खाली येतं ते नुसतं पाणी. पिकं मात्र दर वर्षी जमिनीतून घेतच राहिली. दहा वर्षांत होतं ते सरलं. धरण वाईट, असं मी म्हणत नाही. कालव्याखालची गावं आता दोन पिकं घेतात. पण तुमच्या वावरात कोणीही नांगर धरला असता, तरी हेच झालं असतं.

हे मी चार वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. सदुसष्टच्या उन्हाळ्यात काका माझ्याकडे कचेरीत आले होते, ते तुला माहीत नाही. ‘जमीन तेच हाय, बी तेच हाय, मंग काहून पिकत नाही?’ असं त्यांनी विचारलं. मातीला हात न लावता, खुर्चीत बसूनच मी सांगितलं, की नांगरण्या-वाहण्यात कसूर होत असेल. तेव्हा वावर तू वाहत होतास. त्याच संध्याकाळी चावडीपुढे ते तुला म्हणाले, ‘तुह्या हाताले बरकत नाही.’ आठ दिवसांत तू घर सोडलंस. शब्द त्यांचे होते, आधार माझा होता.

गेल्या रविवारी तपासणीचा कागद घेऊन मी तुमच्या घरी गेलो आणि काकांना सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. ते हाकलून देतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद हातात घेऊन पाहिला. मग त्यांनी विचारलं, ‘मंग पोराचा दोष नव्हता?’ नव्हता, असं मी म्हणालो. ‘हौ,’ म्हणाले आणि आत गेले. मी सायकलीला हात घातला तेव्हा बाहेर येऊन, माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘त्याले लिहा, घरी ये म्हना. पन मी म्हनलं असं सांगू नका.’ पहिलं ऐकलं. दुसरं मी ऐकत नाही.

अजून स्वतःला ‘तुझाच’ म्हणवून घेऊ का, ते तू ठरव.

त्र्यंबक