तुलनेची ओळ

३ जानेवारी

चि. संशोधकबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधासाठी राखलेल्या द्राक्षांच्या दोन्ही ओळी ठीक आहेत. सांगितल्याप्रमाणे पहिल्या ओळीचे घड संजीवकाच्या, म्हणजे त्या वाढीच्या औषधाच्या, पाण्यात बुडवले. मणी असे फुगलेत की शेजारचा बागवाला कुंपणावरून मान काढून बघतो. दुसरी, तू कोरडी ठेवलेली ओळ मात्र बघवेना. मणी वाटाण्याएवढे. तुझे सर आले तर काय म्हणतील? म्हणून परवा तिलाही बुडवून काढली, डोस जरा कडकच दिला. आता दोन्ही सारख्या.

आभार मानू नकोस, घरचंच काम आहे. वहिनी विचारते, खोकला गेला का.

तुझा दादा

९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून दोनदा वाचलं. आभार मानत नाही, तेवढी आज्ञा पाळते. अरे, ती ओळ तुलनेसाठी होती! संजीवकाने काय बदललं ते आता कशाशी ताडून पाहू? तुझ्या डोक्याशी? पानं बनवतात ती साखर तेवढीच. मणी फुगवला की ती पातळ होते, पिकणंही लांबतं. हेच मला दाखवायचं होतं.

सर आधी हसले, मग म्हणाले, हंगाम गेला, पदवी एक वर्ष पुढे. कारण लेखी मागितलंय. मी ‘बागवाल्याची दया’ असं लिहिलं.

पुढच्या वर्षी त्या ओळीला हात लावू नकोस. दया आलीच तर माझी येऊ दे. खोकला गेला, वहिनीला सांग. लोभ जरा कमी कर, म्हणजे माझं शिक्षण संपेल.

तुझी बहीण

२० मार्च, पुढचं वर्ष

चि. संशोधकबाईस,
अ. उ. आशीर्वाद.

यंदा त्या ओळीवरून जायला नको म्हणून मी लांबच्या बांधाने फिरलो. संजीवकाची बाटली वहिनीने कपाटात कुलपाआड ठेवली. माझ्यावर तिचा विश्वास तुझ्याइतकाच. शेजाऱ्याने दोनदा विचारलं, औषध संपलं का.

काल तुझं गोडी मोजायचं यंत्र डोळ्याला लावलं. बुडवलेले सोळा, कोरडे एकवीस. वजनाला मात्र बुडवलेले दीडपट; तेही लिही, लपवू नकोस. गेल्या वर्षीच्या कडक डोसाचे मणी चवीला नुसत्या पाण्यासारखे लागले होते. ते मी तुला कळवलं नव्हतं. आकड्यांचा कागद सोबत आहे. तोडणी तुझ्यासाठी थांबवली आहे, लवकर ये.

धाकटं ते गोड निघतं, हे तुझ्याकडे बघून मला कधी कळलं नसतं.

तुझा दादा