दार कोणी उघडलं?

१९ जानेवारी

दादास नमस्कार,

तू आणि वहिनी मजेत असाल. मीही बरी आहे. दोन्ही वेळचं जेवण जातं. हातांची थरथर थांबलीय. काल खोलीतल्या मास्तरीणबाईंची उसवलेली बाही शिवून दिली, तीही पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवून. त्या म्हणाल्या, "आता टाळ्या वाजवू का?" दारू सोडून सत्तेचाळीस दिवस झाले.

मागच्या व्यसनमुक्ती केंद्रात म्हणायचे, आधी बाटली सोड, बाकीचं नंतर बघू. दोनदा सोडली. पण बाटली गेली की कारखान्याचं गोदाम डोळ्यांपुढे यायचं. कापडाच्या गठ्ठ्यांचा वास, तोंडावर दाबलेला मुकादमाचा हात. की परत बाटली. इथल्या डॉक्टरबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "तुझे दोन्ही पाय मोडलेत. एकालाच प्लास्टर घालून चालवू कशी?"

म्हणून रोज त्यांच्यासमोर बसून ती दुपार पहिल्यापासून सांगायची. सुरुवातीला मी खुर्चीवरून उठून पळाले. मग सांगायला लागले, पण शेवट कायम एकच: "आणि मी बाहेर आले."

परवा बाईंनी विचारलं, "बाहेर आलीस कशी? त्याने सोडलं?"

"नाही. दार उघडलं."

"कोणी?"

 मी म्हणाले, "दादाने."

गोदामाची दुसरी चावी तुझ्याकडेच असायची. तू मला पाहिलंस, त्याला पाहिलंस. तो शर्ट खोचत निघून गेला. आणि तू म्हणालास, "तोंड धू आणि मशिनवर जाऊन बस."

चार वर्षं ते वाक्य बुडवायला पीत होते मी, दादा.

गेल्या वर्षी पोलिसांत तक्रार केली, तेव्हा तूच साहेबांना म्हणालास, "ती पिते हो, तिचं काय ऐकता!" आता वर हा कागद पाठवलास, 'नशेत मला भास झाले, तक्रार मागे घेते.' सही करणार नाही. मी पीत होते म्हणून ते घडलं नाही. ते घडलं म्हणून मी प्यायले.

काल नवी तक्रार लिहिली. साक्षीदार म्हणून तुझं नाव घातलंय. तुझ्या नोकरीवर येईल, वहिनी मला शिव्या घालेल, सगळं ठाऊक आहे. अजून झोपेतून दचकून उठते. पुन्हा घसरेन अशी धास्तीही वाटते. घसरले तरी तक्रार तिथेच राहील.

खरं बोलणार असशील तर मला घ्यायला ये. नाहीतर येऊ नकोस. माझी मी येईन.

पूर्ण शुद्धीवर असलेली,
तुझी धाकटी