शनिवारच्या पडवीची निरवानिरव

मी, गोदावरी महादेव भुवड, वय वर्षे ७१, व्यवसाय निवृत्त शिक्षिका (विषय इंग्रजी), राहणार नाचणे, तालुका व जिल्हा रत्नागिरी, माझ्यामागे कोणाची ओढाताण होऊ नये म्हणून हा कागद करून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. यासीन मुकादम यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. डॉक्टर माझे विद्यार्थी. गोष्टीची थीम आणि गोष्टीचे तात्पर्य यांतला फरक त्यांना दहावीपर्यंत कळला नाही, पण रक्तदाब चांगला कळतो. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव होता तो हा कागद करू नये असा. चिरंजीव विनोद फोनवर म्हणाले, "आई, आत्ताच कशाला?" आत्ताच, कारण नंतर मला सही करता येणार नाही.

याआधी १४ ऑगस्ट रोजी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. का रद्द केले ते कलम ५ मध्ये सांगितले आहे.

कलम १. राहते घर. आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा मागचा अर्धा भाग माझे पती कै. महादेव यांच्याकडे आला आणि त्यांच्या मृत्युपत्राने माझ्या नावावर झाला. पुढचा अर्धा भाग थोरल्या दिरांचा. तिथे आता माझ्या जाऊबाई हौसाअक्का राहतात. माझा भाग, पडवी व परसासह, मी विनोदला देते. अट एकच. दर शनिवारी दुपारी तीन ते पाच पडवी वर्गासाठी मोकळी ठेवायची. विनोदच्या मनात पडवीला काचा लावून होमस्टे काढायचे आहे. खुशाल काढावे. शनिवारी दुपारी येणाऱ्या पाहुण्यांनी वर्गात बसावे, त्यांचेही इंग्रजी सुधारेल.

कलम २. बँकेतील ठेव व दागिने. ठेव विनोदची. पाटल्या सूनबाई शमिका हिच्या. तिने त्या मोडून हव्या त्या घडणीच्या करून घ्याव्यात. माझ्या सासूबाईंनी मला ही मोकळीक दिली नव्हती, म्हणून मी मुद्दाम देते.

कलम ३. वर्गाचे सामान. फळा, खडूचा डबा, दोन सतरंज्या आणि पडवीतल्या खुंट्यांवरच्या सहा कापडी पिशव्या. पिशव्यांची माहिती सविस्तर लिहिते, नाहीतर कोणीतरी त्यांत कांदे भरील.

निवृत्तीनंतर मी हा वर्ग सुरू केला तो रागाने. शाळेत पोरे गाईडमधून 'कॅरॅक्टर', 'सेटिंग', 'प्लॉट', 'कॉन्फ्लिक्ट' यांच्या व्याख्या पाठ करीत. व्याख्या बिनचूक, पण धड्यातली मुलगी का रडली असे विचारले की सगळे छताकडे बघत. म्हणून मी एकेका घटकाला एकेक पिशवी शिवली. गोष्ट वाचून झाली की प्रत्येकाने आपल्या शब्दांत चिठ्ठी लिहायची आणि योग्य त्या पिशवीत टाकायची. चुकीच्या पिशवीत पडलेल्या चिठ्ठीवर भांडण करायचे. शिकणे होते ते त्या भांडणात.

सेटिंगच्या पिशवीत जांभ्या दगडाचा तुकडा आहे. धड्यात बर्फ पडत असेल तर तो तुकडा पोरांच्या हातात द्यावा आणि विचारावे, "हीच गोष्ट आपल्या सड्यावर घडली असती तर काय काय बदलले असते?" प्लॉटच्या पिशवीत सुंभाची दोरी आहे, गाठी मोजायला. कॅरॅक्टरच्या पिशवीत आरसा. कॉन्फ्लिक्टच्या पिशवीत दोन सुपाऱ्या, एकमेकींवर आपटायला. 'पॉइंट ऑफ व्ह्यू'च्या पिशवीत माझा जुना चष्मा. सहावी, थीमची पिशवी रिकामी आहे. ती तशीच ठेवावी. तिच्यात काय आहे ते प्रत्येकाने स्वतः सांगायचे.

कलम ४. वर्ग चालवण्याचा हक्क. कलम ३ मधील सर्व सामान आणि वर्ग मी कु. ज्ञानेश्वरी हिच्याकडे सोपवते. ज्ञानेश्वरी ही हौसाअक्कांची नात, वय २२, सध्या बी.एड. करते. तिला हक्क देते, ओझे देत नाही. नोकरी देवरूखला लागली, मंडणगडला लागली, तर तिने योग्य माणूस बसवावा. त्या माणसाने पोरांच्या चिठ्ठ्या लाल शाईने तपासू नयेत, एवढीच अपेक्षा.

कलम ५. वर्गाच्या वाटेबाबत. सामान देता येते, हक्क देता येतो. वाट मला देता येत नाही, कारण ती माझी नाही. पडवीकडे येणारा सरळ रस्ता हौसाअक्कांच्या अंगणातून, त्यांच्या बेड्यातून येतो. (पुढे कोणी शहरातला माणूस हे वाचील तर, बेडे म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांचे फाटक.) ते बेडे नऊ वर्षे बंद आहे. पोरे मागून, पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून, पऱ्याचा ओढा ओलांडून येतात. पऱ्याला पाणी आले की जून ते सप्टेंबर वर्ग बंद. मी आहे तोवर पोरे ऑक्टोबरात परत येतात. माझ्यानंतर येणार नाहीत, हे मला कळते.

बेडे बंद झाले ते माझ्यामुळे. २०१६ च्या मे महिन्यात पतींना कोल्हापूरला दवाखान्यात ठेवले होते. अठरा दिवसांनी घरी आले तर परसातल्या बरक्या फणसावर एकही फळ नाही आणि अक्कांच्या अंगणात फणसपोळीची साठं वाळत घातलेली. मी काही विचारले नाही. दोन दिवसांनी वर्गात 'अँटॅगोनिस्ट' शिकवायचा होता. उदाहरण हाताशी होते. मी सोप्या इंग्रजीत एका थोरल्या जावेची गोष्ट रचली, जी धाकटीच्या पाठीमागे तिचे फणस नेते. पोरांनी बाईंना जन्मात दिली नव्हती इतकी दाद दिली. दुसऱ्या दिवशी पाखाडीवर अक्का दिसल्या तशी ओरडली, "अँटॅगोनिस्ट आजी आली!"

अक्कांनी नातीला अर्थ विचारला. ज्ञानेश्वरी तेव्हा तेरा वर्षांची आणि खोटे न बोलणारी. म्हणाली, "हिरोच्या आड येतो तो."

"मी आड येते व्हय?" अक्का म्हणाल्या. "बरा. येते आड." आणि बेड्यावर करवंदीची जाळी आणून घातली.

यंदा जुलैमध्ये ज्ञानेश्वरी मला दृष्टिकोनाचा धडा तयार करायला मदत करीत होती. एकच गोष्ट दुसऱ्या पात्राकडून सांगायची, असा तो धडा. नमुना म्हणून तिने माझीच गोष्ट आजीच्या बाजूने लिहून आणली. फणस झाडावर फुटून पडत होते. अक्कांनी एकटीने अकरा फणस सोलले. बारा साठं घातली, सहा स्वतःला, सहा गोदाला. वाळली की द्यायची होती. नंतर ती सहा त्यांनी म्हशीला घातली. म्हशीने दोन दिवस गोड दूध दिले असे त्या निबंधात लिहिले आहे, ते मी तपासलेले नाही. बाकी सगळे तपासले आणि खरे निघाले. बत्तीस वर्षे मी पोरांना शिकवले की सांगणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. स्वतःला शिकवायचे राहिले.

यावर मी काय करावे? ऑगस्टमध्ये मृत्युपत्र केले आणि त्यात कलम घातले की माझ्या मृत्यूनंतर अक्कांना माझा माफीनामा वाचून दाखवावा. वाक्ये फार चांगली जमली होती. ज्ञानेश्वरीला सुवाच्य प्रत करायला दिली. तिने ती घरी, आजीसमोर बसून केली, आणि ती खोटे बोलत नाही हे वर आलेच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवंदीची जाळी बाजूला झाली आणि अक्का पडवीत उभ्या.

"गोदा, हाईस काय गो जित्ती?"

"आहे, अक्का."

"मग बरा. मेल्यावर माफी मांगणार असा आयकला. मी त्येचा उत्तर कोणाला देव? यमाला?"

"तोंडावर बोलायचा धीर होत नव्हता."

"पोरांसमोर गोष्ट रचताना बरा धीर व्हता!"

मी माफी मागितली. अक्का म्हणाल्या, अशी एकटीने नको, ज्या पोरांसमोर बोललीस त्यांच्यासमोर माग. त्या शनिवारी त्यांनी बेडे उघडे ठेवले, पोरे भर पावसात तिथून आली, आणि त्या खुर्ची घेऊन वर्गात बसल्या. मी पोरांना सगळे सांगितले, आधी माझ्या बाजूने, मग त्यांच्या. मध्येच अक्कांनी मला दोनदा थांबवून दुरुस्त केले. शेवटी आठवीतल्या समर्थने विचारले, "मग बाई, ह्यात अँटॅगोनिस्ट कोण?" आणि माझ्या तोंडातून उत्तर निघण्याआधी अख्खी पडवी ओरडली, "बाईच!" मी सर्वांना पैकीच्या पैकी गुण दिले. अक्का मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वाटेचा मी इचार करीन," आणि खुर्ची उचलून गेल्या. बेड्यावर पुन्हा जाळी पडली. त्यानंतर चार महिने त्या वाटेबद्दल बोलल्या नाहीत, मीही विचारले नाही.

कलम ६. बरका फणस. हे झाड मी हौसाअक्कांना लिहून देणार होते. वकील श्रद्धा सुर्वे यांनी आज मसुदा वाचताना हे कलम ऐकवले. अक्का ऐकत बसल्या होत्या. म्हणाल्या, "झाड नको. मना साक्षीदार कर." श्रद्धाताईंनी समजावले की साक्षीदाराने काही घेऊ नये हे बरे, दोन्ही जमणार नाही, झाड चांगले आहे. अक्का म्हणाल्या, "ता झाड मी काय वर नेणार? नऊ वर्सां ही गोष्ट एकटी गोदाच सांगतेय. माजाबी नाव सांगणाऱ्यांत येव दे." सबब झाड वर्गाला देते. फळे पोरांनी खावीत. चीक कपड्यांना लागला तर वर्ग जबाबदार नाही.

कलम ७. किरकोळ. ज्या गाईडवाल्याने माझी उत्तरे न विचारता छापली त्याला मी माफ करते. त्याने चुकांसकट छापली, त्यात माझा सूड परस्पर उगवला. माझ्या अंत्यविधीला कोणी भाषण केल्यास दोन मिनिटांत आटपावे. प्लॉट सर्वांना माहीत असतो.

कलम ८. व्यवस्थापक म्हणून वकील श्रद्धा सुर्वे यांना नेमते.

वरील सर्व मजकूर मी मोठ्याने वाचला, मला समजला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

ठिकाण: नाचणे, रत्नागिरी
दिनांक: १३ डिसेंबर २०२५, शनिवार

(सही) गोदावरी महादेव भुवड

साक्षीदार १: (सही) डॉ. यासीन मुकादम

साक्षीदार २: (सही) हौसा धोंडू भुवड

साक्षीदार क्र. २ यांनी सहीखाली स्वतःचे चार शब्द यावेत असा आग्रह धरला. ते त्यांनी सांगितले तसे लिहिले आहेत: गोदानं माज्यासमोर वाचला नि सही केली. तीन जाग्यांवर वाढवून सांगितलाय, बाकी खरा हाय. शनवारी बेडा उघडा ऱ्हाईल, पावसातबी. माज्यामागंबी उघडा ठेवायचा, असा मी पोराला सांगितलाय. पोरांनी चपला रांगेत काढाव्या.