पोर्ट्समथ स्क्वेअरमधली पस्तीस मिनिटं

फ्रीमॉन्ट, कॅलिफोर्निया
रविवार, १२ सप्टेंबर २००४

प्रिय दादा,

नमस्कार. अण्णा गेल्यावर खरं तर ‘तीर्थरूप’ आता तुलाच लिहायला हवं, पण हात वळत नाही. समजून घे.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. राजीवचं ऑफिस बदललं, माझं तेच. तुझ्या पत्राला पंधरा दिवसांनी उत्तर लिहिते आहे, त्याबद्दल हवं ते बोल. तू मागितलेले अण्णांचे शेवटचे फोटो सोबत पाठवते आहे. सगळे सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधलेच आहेत. लोकांच्या आईवडिलांचे फोटो गोल्डन गेटवर, डिस्नेलँडमध्ये असतात. आपले अण्णा कोबीच्या ढिगापुढे उभे आहेत.

त्याचं असं झालं, की फ्रीमॉन्टमध्ये दिवसभर रस्त्यावर माणूस दिसत नाही. इथे आल्यावर आठव्या दिवशी अण्णांनी मला विचारलं, “अगं, इथे माणसं राहतात की नुसत्या मोटारी?” माझं ऑफिस चायनाटाउनला लागूनच. म्हणून मी आई-अण्णांना सकाळी माझ्याबरोबर ट्रेनने न्यायला लागले. पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली आणि कॅमेरा देऊन ड्रॅगनच्या कमानीपाशी सोडायचं, संध्याकाळी घेऊन यायचं. पहिल्याच दिवशी अण्णा खुलले. म्हणाले, “ही तर यांची गणपती पेठ!”

हिरव्या कौलांच्या कमानीचे तीन फोटो आहेत. दोन मागच्या बाजूचे का, असं तू विचारशील. पी.डब्ल्यू.डी.तला ओव्हरसियर कुठे रिटायर होतो? त्यांना सांधे बघायचे होते. लाल कंदिलांचा फोटो देवळातला आहे. ते अरुंद जिन्याने वर चढून गेल्यावर लागतं, समुद्रावरच्या माणसांना सांभाळणाऱ्या देवीचं. तिथे कोणी चपला काढत नाही, हे दोघं दाराशी काढून आत गेले. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनी त्यांच्या चपलांसाठी दाराशी एक चटई टाकून ठेवली होती. आई हे किती वेळा सांगायची! आता सांगते का रे?

चायनाटाउनमध्ये तेव्हा एकच विषय होता. भूकंपात खिळखिळा झालेला उड्डाणपूल पाडला तेव्हापासून गिऱ्हाईक तुटलं, असं दुकानदारांचं म्हणणं. आता जमिनीखालून रेल्वे आणायचं घाटत होतं. भिंतीवर त्याच्या बाजूची पत्रकं, विरोधातली पत्रकं. अण्णा संध्याकाळी मला ती दोन्ही वाचायला लावायचे आणि वहीत स्वतःचा अभिप्राय लिहायचे. महापालिकेला यांच्या अभिप्रायाची अगदी गरजच होती. मी हसायचे. ती वही पाठवत नाही. ती माझ्याकडे राहू दे.

शेवटचा फोटो पोर्ट्समथ स्क्वेअरचा. चौक कसला, मोटारी लावायच्या तळघरावर बांधलेली बाग आहे. म्हातारी माणसं दिवसभर तिथे पत्ते आणि चिनी बुद्धिबळ खेळतात. अण्णांशेजारी टोपी घातलेले आहेत ते मिस्टर ली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तरी रोज दोन डाव व्हायचे. अण्णा हरायचे आणि घरी येऊन चालीत काय चुकलं ते राजीवला समजावून सांगायचे. राजीवला काही कळायचं नाही, तो बिचारा मान हलवायचा.

इथपर्यंत लिहिलं आणि उठले. घासलेली भांडी पुन्हा घासली, धुतलेले कपडे पुन्हा मशीनला लावले. पंधरा दिवस असंच चाललं आहे. आता लिहिते.

तुझ्या पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत. ‘हातात फोन असून आईने पस्तीस मिनिटं कोणाला बोलावलं नाही. हे मी तिला कधीही माफ करणार नाही.’ नीलांबरी वहिनीने मला फोनवर सगळं सांगितलं. तू आईशी बोलत नाहीस. ती जेवायला आली की तू ताटावरून उठतोस, म्हणून आता ती ताट खोलीत घेऊन जाते. तुला व्हिसा मिळाला नाही, अण्णांचं तोंडसुद्धा बघता आलं नाही, म्हणून तुझा संताप होतो हे मला कळतं. पण तो चुकीच्या माणसावर निघतो आहे.

मे महिन्यात, तुझ्या वाढदिवसाला, अण्णांना तुला फोन करायचा होता. त्या दिवशी ते दोघं घरीच होते, मी ऑफिसमध्ये होते. इथून सांगलीला लावायचं तर आधी ०११, मग ९१. अण्णांनी उलट केलं, आधी ९१ दाबलं, मग ०११, आणि त्यातलं शून्य नीट दाबलं गेलं नाही. ९११ लागला. तो इथला पोलीस-ॲम्ब्युलन्सचा नंबर. पलीकडून बाईचा आवाज आल्यावर घाबरून त्यांनी फोन ठेवला. असा फोन कोणी ठेवला की इथे पोलीस घरी बघायला येतात. दोन पोलीस आले. आईला काही बोलता येईना. शेजारच्यांनी मला कळवलं, मी मीटिंग सोडून धावत घरी आले.

पोलीस सभ्य होते, हसून निघून गेले. मी सभ्य नव्हते. राजीव म्हणाला, “अगं, होतं यार, चिल. नवीन माणसांचं होतंच असं.” पण आमच्या ग्रीन कार्डचं चाललं होतं, घरावर पोलिसांची गाडी आली एवढंच माझ्या डोक्यात बसलं होतं. मी दोघांना समोर उभं केलं, शाळेतल्या पोरांना करतात तसं. अण्णांना, दादा! आणि म्हणाले, “कोणी मेलं तरी इथे तो नंबर लावायचा नाही. पोलिसांना बोलवायचं नाही. काहीही झालं तरी फक्त मला फोन करायचा.”

अण्णा “बरं” म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी आईला मोबाइल आणून दिला आणि शिकवलं, की दोनचं बटण दाबून धरलं की मला लागतो. बाकी कशाला हात लावू नकोस, असंही बजावलं.

आठ जूनला डाव चालू असताना अण्णांच्या छातीत कळ आली. ते बाकावर आडवे झाले, घामाने भिजले. आईने दोनचं बटण दाबलं. मी फोन ड्रॉवरमध्ये ठेवून क्लायंटला डेमो देत होते. बाहेर आले तेव्हा सतरा मिस्ड कॉल होते, सतराही आईचे.

आणि हे तुला कोणी सांगितलेलं नाही. मिस्टर लींनी खिशातून स्वतःचा फोन काढला होता. त्यांनी नाइन-वन-वन म्हणून आईला विचारलं. तो नंबर ऐकून आईने त्यांचा हात घट्ट धरला आणि म्हणत राहिली, “नो पोलीस, नो पोलीस.” त्यांना वाटलं, यांच्याकडे इथे राहायची कागदपत्रं नसतील. तिथे अशी भीती माणसं ओळखतात. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि अण्णांना वारा घालत बसले. शेवटी पत्ते खेळणारी एक बाई न सांगता तळघरात पळाली आणि तिथल्या माणसाकरवी ॲम्ब्युलन्स बोलावली. तेव्हा पस्तीस मिनिटं झाली होती.

मी तुला सांगितलं होतं, अटॅकच मोठा होता, काही करता आलं नसतं. डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. लवकर आणलं असतं तर बरीच आशा होती, असं म्हणाले होते.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये आईनेच मला हे सगळं सांगितलं. रडत नव्हती. म्हणाली, “तू सांगितलं होतंस ना, म्हणून मी त्यांना फोन करू दिला नाही.” मग माझ्या तोंडाकडे बघून तिला काय ते कळलं असावं. माझा हात धरून म्हणाली, “दादाला यातलं काही बोलू नकोस. तुझं तोंड बघणार नाही तो. मला सुचलं नाही, असंच सांगू.” मी मान डोलावली. तीन महिने तिला तुझ्या घरात गुन्हेगारासारखं बसू दिलं आणि इथे आरामात ऑफिसला जात राहिले. यापेक्षा नीचपणा काय असतो, मला माहीत नाही.

आईला दिलेला शब्द मी आज मोडते आहे. तुला माफ करायचं नसेल तर मला करू नकोस, मी मागतही नाही. पण हे वाचून झालं की आईच्या खोलीत जा. आधी तू बोल. ती आपणहून कधीच बोलणार नाही. तू विचारलंस तरी ‘मलाच सुचलं नाही’ म्हणेल. तिचं खरं मानू नकोस.

मला उत्तर पाठवू नकोस. तू आणि आई एका पंगतीला जेवलात, एवढं वहिनीकडून कळलं की मला पुरे.

जिचं ऐकून आईने तो हात धरला, ती
आसावरी