निळ्या बरणीचं फडकं

२ जानेवारी
जुन्नरच्या संग्रहालयात रुजू झाले. इमारत लहान, पण खिडकीतून थेट शिवनेरी दिसतो. आजवर व्यासपीठं गाजवली. आता वस्तूंना बोलतं करायचं. इथली शान म्हणजे मध्ययुगात इराणकडून घाट चढून आलेली गुडघाभर उंचीची बरणी. फिरोजी झिलई पोटावरून ओघळून तळाशी थेंबांत गोठलेली. सव्वीस तारखेला तिचं दालन उघडणार, भाषण माझं. शिपाई जानकूभाऊ म्हणाले, लई बोलता बाई तुमी, चहा गार झाला.

५ जानेवारी
बरणी देणाऱ्या आमिनाचाची सुनेला, झेबाला, घेऊन आल्या. झेबाला सातवा महिना. बरणीच्या तोंडाला फडकं का, मी विचारलं. चाची म्हणाल्या, त्यांच्या घरात राग आला की माणसावर ओरडत नाहीत. बरणीत बोलायचं आणि फडकं बांधायचं. पिढ्यान्‌पिढ्या हेच. झेबा हसून म्हणाली, अम्मींपुढं माझा नंबरच लागत नव्हता. जाताना चाचींनी बजावलं, फडकं सोडू नका.

मला हे पटत नाही. गिळलेला शब्द आतून घर कुजवतो. बोलायचं ते तोंडावर, उजेडात बोलावं; जन्मभर हेच सांगत आले. संध्याकाळी फडकं सोडलं, वाकून माझं भाषण आत म्हणून पाहिलं. आवाज सुरेख घुमला.

९ जानेवारी
घसा बसला. डॉक्टरांना सूज दिसत नाही. जानकूभाऊंनी विचारलं, सकाळी दालनात कुणाला झापत होता? सकाळी मी आळेफाट्यावर होते.

१४ जानेवारी
आज ऐकलं. आवाज माझा, थांबण्याची ढबही माझी. शब्द माझे नाहीत. कुणी सासू सुनेला सांगत होती, तुझं लेकरू गेलं ते बरंच झालं. दालनात फक्त मी आणि बरणी. फडकं बांधलं. गाठ माझ्या बोटांखालीच सैल झाली. पुन्हा बांधली. पुन्हा.

१९ जानेवारी
आवाज गेला. कुजबुजही फुटत नाही. माझ्या आवाजात जानकूभाऊंना मेलेल्या बापावरून शिवी ऐकू आली; ती त्यांनी स्वतःवरच घेतली. मी नव्हते, असं लिहून दाखवलं. आवाज वळखतो मी, म्हणाले, आणि निघून गेले.
कार्यक्रम रद्द करा म्हणून वर कळवलं — पत्रिका वाटून झाल्या, म्हणतात.
आमिनाचाचींना सांगायला हवं. पण फडकं मीच सोडलं, हे —

२६ जानेवारी
दालन भरलंय. भाषण सुरू झालं. मी नाही, बरणी —
टाळ्या. पहिली वाक्यं माझीच होती. लोक ध्वनिक्षेपकाकडे बघताहेत.
आता लेकराचं वाक्य. आमिनाचाची पहिल्या रांगेत. आपल्या सासूचे, आपल्याच गेलेल्या लेकराबद्दलचे शब्द ओळखले त्यांनी. पदर तोंडात कोंबलाय —
यानंतर त्यांचे स्वतःचे येणार. झेबाबद्दलचे. पोटातल्या —
डाव्या तळव्यानं बरणीचं तोंड दाबलंय. फोडली तर सगळंच एकदम — उजव्या हातानं हे लिहितेय. झेबा, कान झाक. बाहेर जा.
वही उंच धरली. दिसत नाही तिला. वाचायला पुढे येतेय —
तळव्याखाली ओठ —
नको, तिथूनच — ती वाकली, बरणीच्या अगदी —