नाव ठेवायचं राहिलंय

प्रिय अप्पा,

टपालात माझं अक्षर बघून घाबरू नका, इथे सगळे ठणठणीत आहेत. फोन केला की तुम्ही "मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो" म्हणता, आणि मागून अम्माच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. असली मीटिंग मनप्पारैतल्या कुठल्या स्वयंपाकघरात भरते ते मला ठाऊक आहे. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. पत्र मधेच ठेवून देता येत नाही.

तुमची नात, आमची पाप्पा, आता सात महिन्यांची झाली. पोटावर सरकत सरकत सगळं घर पालथं घालते. खालचे दोन दात आलेत आणि पहिला चावा तिनं तुमच्या जावयांच्या मायक्रोफोनच्या वायरीला घेतला. नाक मात्र अगदी तुमचं, बसकं आणि हट्टी. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "हे नाक आमच्या घरातलं नव्हे हो, हे हापिसाच्या गटाचं नाक आहे!" आणि स्वतःच हसतात. मीही हसते. पण हसून झालं की वाटतं, ज्याचं नाक त्यानं ते अजून पाहिलेलंच नाही.

आपल्या पक्षाचे मोठे अय्या गेले तेव्हा आपल्याकडे चूल पेटली नव्हती, आठवतं? तुम्ही ओसरीवर रेडिओ मांडीवर घेऊन बसला होतात. तेव्हा कुणी सांगितलं असतं, की वर्षाच्या आत पक्षाचे दोन गट होतील, अय्यांचा पुतण्या त्यांचा बंगला धरून बसेल, खजिनदार पक्षाच्या हापिसाला कुलूप घालतील आणि ताडाच्या झाडाची निशाणी कोर्टात जाऊन पडेल, तर तुम्ही त्याला ओसरीवरून हाकलून दिलं असतं. तुम्ही हापिसाचे झालात. तुमचे जावई मणिमारन बंगल्याचे झाले. का, ते मला दोघांचंही कळतं, अप्पा. तुमच्या मांडवाचं गोदाम जळलं तेव्हा बांबू आणि ताडपत्र्या घेऊन पहिला ट्रक खजिनदारांनी पाठवला होता. आणि मणिमारनच्या वडिलांच्या मयताला अय्यांचा पुतण्या भर उन्हात स्मशानापर्यंत चालत आला होता. माणसं अशीच बाजू घेतात. त्याचं मला वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते त्या बांगड्यांच्या दिवसाचं. गरोदरपणाच्या सातव्या महिन्यात मला बांगड्या भरायच्या, चित्रान्नाचं जेवण व्हायचं आणि तुम्ही मला बाळंतपणाला माहेरी न्यायचं, एवढा साधा कार्यक्रम. तुम्ही आलात ते हापिसाच्या नव्या काठाची वेष्टी नेसून. पक्षाच्या काळ्या-तांबड्या काठात एक बारीक पांढरी रेघ! दोन बोटांच्या काठातली एक रेघ, ती अख्ख्या मांडवाला दिसली. माझ्या चुलतसासऱ्यांनी विचारलं, "काय व्याही, रेघ नवीन दिसते. कापडाबरोबर आली का कुलपाबरोबर?" तुम्ही म्हणालात, "आमची रेघ सरळ आहे. बंगल्यात मात्र सगळंच वाकडं." मग मणिमारन उठले, मग तुम्ही उठलात. माझा एक हात भरून झाला होता, दुसरा तसाच पुढे धरलेला होता. तुम्ही अम्माला घेऊन निघालात आणि मी तिथेच राहिले. पहिलं बाळंतपण सासरी झालेली आपल्या घरातली मी पहिली मुलगी. दुसऱ्या हातातल्या बांगड्या अम्मानं नंतर आणून भरल्या. समयपुरमच्या देवीला जाते असं तुम्हाला सांगून ती चार वेळा दिंडीगुलला आली, हे आज सांगून टाकते. तुम्ही देव मानत नाही म्हणून चौकशी केली नसेल, पण एवढ्यांदा देवीला जाऊन ती एकदाही अंगारा घेऊन आली नाही, हे तरी लक्षात यायला हवं होतं!

तर पाप्पाला अजून पाप्पाच म्हणतो आम्ही. आपल्या लोकांत नाव नेत्यानं ठेवायचं, आणि नेते झाले दोन. तुमचे जावई म्हणतात, पुतण्याकडून ठेवून घेऊ. मी म्हणते, थांबा. कशासाठी थांबायचं, हे मलाही नीट सांगता येत नव्हतं. दवाखान्यात लस टोचायला गेले तर नर्सबाई ओरडतात, "तेन्मोळीची मुलगी! अगं, अजून नाव नाही? पोरीचं नावही कोर्टात अडकलंय की काय?" सगळी रांग हसली. शेजारचे भाजीवाले अण्णाच्ची तर रोज विचारतात, "निकाल लागला का?"

मधे तुमच्या गटाची इथे सभा झाली. मांडव तुमचा होता, हे मला गच्चीवरून कळलं. चारी कोपऱ्यांना केळीचे खुंट आणि मधल्या खांबाला उलटी गाठ, ती बांधणारा सबंध तमिळनाडूत एकच माणूस आहे. तुम्ही तिथे होतात, आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. मी पाप्पाला काजळतीट लावून, नवं झबलं घालून ठेवलं होतं, कदाचित याल म्हणून. सभा उठेपर्यंत ती झोपून गेली. पण एक सांगते. तुमच्या त्या नव्या माइकवाल्यानं भाषण सुरू होताच जी काय शिट्टी वाजवली, ती ऐकून तुमचे जावई चहाच्या टपरीवर उभे राहून कळवळले. "अरे, वरचा आवाज कमी कर रे गाढवा!" शत्रूची सभा बिघडते आहे आणि हे आपले कपाळाला हात लावून! घरी आल्यावर जेवायला बसले. मग म्हणाले, "स्टेज बाकी तुझ्या अप्पांचंच. चाळीस माणसं चढली, एक फळी हलली नाही." दोघं मिळून सभा उभ्या करत होतात तेव्हाची आठवण आली असणार. माझं लग्नही तुम्हीच ठोकलेल्या स्टेजवर आणि त्यांनीच लावलेल्या माइकवर झालं होतं. अय्यांनी मंगळसूत्राची ताली उचलून ह्यांच्या हातात दिली आणि माइकवर म्हणाले होते, "मांडववाल्याची मुलगी, माइकवाल्याचं घर. पक्षाची सभा आता घरातच भरेल." भरली खरी.

गेल्या आठवड्यात पेपरात फोटो आला, तुम्हीही पाहिला असेल. चेन्नैला कुठल्याशा गिरणीमालकाच्या घरचं लग्न, एकाच पंगतीत शेजारी शेजारी पुतण्या आणि खजिनदार, आणि खजिनदार स्वतःच्या पानातला अप्पळमचा पापड मोडून पुतण्याच्या पायसात टाकतायत. हसतायत दोघं. मणिमारननी तो फोटो खूप वेळ पाहिला, मग पेपराची घडी करून माइकच्या पेटीखाली सारली. मला मात्र राग आला, अप्पा. त्यांना एका पंगतीला बसता येतं, आणि तुम्हाला तुमच्या नातीला मांडीवर घेता येत नाही? मग ती रेघ नेमकी आहे कुणासाठी?

आता खरी गोष्ट. पुढच्या महिन्यात पुतण्या दिंडीगुलला येतो आहे. बसस्टँडमागच्या मैदानावर सभा, आणि सभेत कार्यकर्त्यांच्या मुलांची नावं ठेवायची. मणिमारननी पाप्पालाही त्या यादीत घातलंय. मी चिडले, रडले. मणिमारन म्हणाले, "मग कुणी ठेवायचं? तुझे अप्पा तर बघायलाही आले नाहीत."

उत्तर अम्मानं दिलं. परवा ती देवीला गेली होती ना, तेव्हा! पाप्पाला पाळण्यात घालताना ती सहज म्हणाली, "तूही अकरा महिने बिननावाची होतीस. अय्यांचा दौरा सारखा पुढे जायचा." ते मला माहीत होतं. मला तेन्मोळी नाव अय्यांनी दिलं, आणि ते ऐकून तुम्ही स्टेजखाली उड्या मारल्यात, ही गोष्ट मी हजार वेळा ऐकली आहे. पण मग अम्मा म्हणाली, "बिननावाची म्हणजे लोकांसाठी. रात्री दिवा बारीक केला की तुझे अप्पा तुला वळ्ळी म्हणायचे. त्यांच्या आईचं नाव. मी म्हटलं, हेच ठेवा की. तर म्हणाले, आपलं कोण ऐकतं, अय्या ठेवतील तेच. आणि स्टेजवरून आल्यावर पुन्हा कधी ते नाव तोंडात आणलं नाही." एवढं मोठं काही तुम्ही पक्षाला देऊन टाकलंत आणि आम्हाला कळूसुद्धा दिलं नाहीत.

मी हे सगळं मणिमारनना सांगितलं. ते बराच वेळ माइकची वायर गुंडाळत बसले. मग म्हणाले, "बोलाव त्यांना. ते येऊन ठेवणार असतील तर मी सभेच्या यादीतून तिला काढून घेतो. गटात काय बोलतील ते बोलोत. मी साधी पांढरी वेष्टी नेसेन, त्यांनाही सांग." अप्पा, तुमच्या जावयांना याहून जास्त वाकता येत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. म्हणून हे पत्र. येत्या शुक्रवारी सकाळी या. मांडव नको, माइक नको, बिनकाठाची वेष्टी नेसून या. अम्माला उजळ माथ्यानं बरोबर आणा. मी मात्र एक आगाऊपणा केला आहे. परवापासून दिवा बारीक केला की मी तिला त्या नावानं हाक मारते. काल ती वळून बघायला लागली, आणि बघून झाल्यावर तिनं दाराकडे पाहिलं. हाक मारणारं अजून कुणीतरी यायचं आहे, हे तिला कुणी सांगितलं, कोण जाणे.

तुमचीच,
तेन्मोळी
(जी अकरा महिने वळ्ळी होती)